सोमवार-गुरुवारचे चार तास

१४ जानेवारी

ताई,

नमस्कार. आधी चष्मा पुसून घ्या, पत्र लांबणार आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्या काकू धावत येतात, काय झालं म्हणून. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलंत, आता तुमच्या कानांनी रजा घेतली तर त्यांना तरी काय बोलायचं!

तुमच्या भावाचं डायलिसिस सुरू झालंय. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही सकाळच्या बसने शहरात जातो आणि संध्याकाळी परत येतो. रक्त बाहेर काढून, धुऊन, पुन्हा आत सोडायला यंत्राला चार तास लागतात. हे शांत पडून असतात. आठवडाभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, त्याला हात हलवू नका म्हणतात. मला आत बसू देत नाहीत. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, तिथे सगळ्यांच्या घरचे लोक बसतात आणि एकमेकांना आपापल्या पेशंटचे आकडे सांगतात. तिसऱ्या खेपेला मला वाटायला लागलं की माझंही क्रिएटिनिन वाढलंय.

परवा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा बाहेर फिरून या. इथे बसून बसून तुम्हालाही दाखल करावं लागेल."

म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले. नुसती गेले आणि आले. ताई, मी आजवर रस्त्याने कधी रिकाम्या हाताने चालले नव्हते. दळणाचा डबा, भाजीची पिशवी, शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, काहीतरी असायचंच. हातांचं काय करायचं तेच कळेना. शेवटी मागे बांधले, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तुमची,
धाकटी

२३ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत नाही. पत्र दोनदा वाचलं.

कोपऱ्यापर्यंत गेलीस, पाय मोकळे केलेस, हरकत नाही. पण दवाखान्याच्या दाराच्या टप्प्यात राहा. तिथे केव्हा कुणाला हाक मारतील सांगता येत नाही. त्या शहरात मीही एकदा गेले होते, एक्स्चेंजच्या परीक्षेला. माणसं अशी अंगावर येतात की आपण रस्त्यात उभे आहोत हा आपलाच गुन्हा वाटतो.

त्याला आठ वर्षांचा असल्यापासून मी वाढवलंय, हे तुला नव्याने सांगायला नको. तेव्हा मला काळजी वाटली तर ती सासुरवास समजू नकोस. मी स्वतः आले असते, पण गुडघे जिना चढू देत नाहीत.

त्याचा आहार काटेकोर सांभाळ. तो लबाड आहे, मिठाची बाटली जवळ ओढेल.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुम्ही सांगितलंत दाराच्या टप्प्यात राहा, आणि मी राहिले नाही. आधीच सांगून टाकते.

कोपऱ्यावरून वळलं की घड्याळवाल्यांची गल्ली आहे. एका दुकानात सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात आणि मधोमध दुकानदार गाढ झोपलेला असतो. ती गल्ली संपते तिथे पायऱ्या आहेत, पायऱ्या उतरलं की नदी. नदीकाठी एक म्हातारा बाकावर बसून बुटांच्या नाड्या विकतो, फक्त नाड्या. मी दर वेळी ठरवते इथूनच मागे फिरायचं, आणि पुढे काहीतरी दिसतं. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत टाकलेल्या लाल रजया, नाहीतर बंद पडलेल्या थिएटरच्या दारात व्हायोलिन घासणारी मुलगी. घासणारीच म्हणायचं, वाजवता तिला येत नव्हतं. पण काय मन लावून!

एका गुरुवारी मी नदीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि बाहीला हिरवा रंग लागला. पुसला तर आणखी पसरला. यांना दिसू नये म्हणून बसमध्ये तो हात खिडकीकडे करून बसले. पण हे पडले रंगारी.

"हात दाखव."

"काही नाही, डाग आहे."

यांनी बाही नाकाशी नेली. "ऑइलपेंट. आज सकाळचा. दवाखान्यात कुठे रंगकाम निघालंय?"

मग सांगितलं सगळं. तुम्हाला आत सुया टोचलेल्या असतात आणि मी बाहेर उंडारत असते, असंही म्हणाले. वाटलं, आता हे गप्प होतील. अलीकडे गप्प झाले की दोन-दोन दिवस बोलत नाहीत. पण यांनी बाही पुन्हा उजेडात धरली आणि विचारलं, "कठडा नुसता हिरवा होता की खाली लाल प्रायमर दिसत होता?"

ताई, तेव्हापासून हे चाललंय. परतीच्या बसमध्ये मी सांगते आणि हे ऐकतात. पाट्यांवर फार जीव. मी म्हटलं, एका दुकानावर छान अक्षरं होती. "छान म्हणजे कशी?" "अक्षरांसारखी." कपाळावर हात मारून घेतला. "तीस वर्षं पाटीवाल्याबरोबर काढलीस आणि अक्षरांसारखी अक्षरं?" मग स्वतःच्या तळव्यावर बोटाने काढून दाखवलं, पोट कुठे फुगवायचं, शेपूट कुठे आवरायचं. आता मी बघायला शिकले. परवा एका दातांच्या डॉक्टरची पाटी पाहिली. कधीकाळी 'दात काढताना दुखणार नाही' असं लिहिलेलं असणार. उन्हाने शेवटचा शब्द पार उडालाय. हे इतके हसले की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहिते. मला चालायला आवडतं. ज्या दिवशी माझ्या नवऱ्याचं रक्त यंत्रातून फिरत असतं, त्याच दिवशी मला मोकळा श्वास येतो. हे कसलं मन म्हणायचं?

तुमची,
धाकटी

२ मार्च

धाकटे,

तो हसला हे वाचून मी दातवाल्याची ती ओळ शेजारणीला वाचून दाखवली. तिला समजली नाही. ती कवळी लावते.

मनाचं विचारू नकोस. मन हे पोटासारखं असतं, घरात काहीही झालेलं असो, वेळ झाली की भूक लागते. पण भुकेला लगाम हवा. नदीच्या पलीकडे जाऊ नकोस. चार तास म्हणजे काही जन्म नव्हे.

आणि त्या व्हायोलिनवाल्या मुलीचं पुढे काही कळलं तर लिही.

ताई

१९ एप्रिल

धाकटे,

शहरातल्या चुलतभावाचं पत्र आलं. तुझ्याकडून यायला हवं होतं, ते त्याच्याकडून आलं.

गुरुवारी माझ्या भावाचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. तो बेशुद्ध होता. सिस्टर बाहेर येऊन तुझ्या नावाने हाका मारत होत्या आणि खुर्ची रिकामी. शेवटी त्यांनी फाइलमधला दुसरा नंबर फिरवला तेव्हा चुलतभाऊ कामावरून धावत गेला. तो म्हणतो, हा शुद्धीवर येऊन पाणी मागत होता तेव्हा तू आलीस, उन्हाने लालबुंद होऊन, हातात कसलीशी कागदात गुंडाळलेली पुडी घेऊन. शेंगा असतील, असं तो लिहितो.

मी तुला लिहिलं होतं, दाराच्या टप्प्यात राहा. मी तुला लिहिलं होतं, नदीपलीकडे जाऊ नकोस. तुला रस्ते बघायचे होते ना? बघ. ते कुठे पळून जाणार नव्हते. माणूस मात्र जातो.

तो एकटा होता, धाकटे. तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं. आई गेली तेव्हा त्याला मी शब्द दिला होता की तू कधी एकटा पडणार नाहीस. माझा शब्द तू मोडलास.

यापुढे काही लिहायचं असेल तर त्याच्या तब्येतीचं लिही. गल्ल्यांची वर्णनं नकोत.

ताई

२७ एप्रिल

ताई,

तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आता मी खुर्चीवरच बसते. सिस्टरांनी हाक मारायच्या आधी उभी असते.

यांचं वजन थोडं कमी झालंय. पायांची सूज उतरली. भूक नाही.

तुमची,
धाकटी

२४ मे

ताई,

तुझ्या भावाचं अक्षर ओळखलंस का? एके काळी या अक्षरासाठी लोक लांबून यायचे. आता पेन धरला तरी रेघ वळवळते, तेव्हा वाचताना जरा समजून घे.

ही तुला पत्र लिहिते आणि मला दाखवत नाही. तुझी पत्रं ती डब्यात ठेवते, मी कधी हात लावला नव्हता. काल लावला. एप्रिलचं वाचलं. म्हणून हे लिहितोय, तिला न सांगता. आमच्या घरात सगळे एकमेकांना न सांगताच लिहितात असं दिसतं.

त्या गुरुवारी तिला पुलापलीकडे मी पाठवलं होतं. ती नको म्हणत होती. तुझं नाव घेऊन नको म्हणत होती. मीच हट्ट धरला. पलीकडच्या बाजूला पाटीवाल्यांची एक गल्ली आहे, असं मी शिकाऊ असल्यापासून ऐकत होतो. तरुणपणी जाईन जाईन म्हणत राहिलो आणि आपल्याच गावच्या किराणा दुकानांवर अक्षरं काढत राहिलो. आता माझे पाय तिथे पोचायचे नाहीत. म्हटलं, तुझे पोचतील. जाऊन बघ, अजून कुणी हाताने लिहितं का, की सगळी छापील झाली. आणि असलाच कुणी, तर माझ्यासाठी एक सपाट ब्रश आण, बोटाच्या रुंदीचा. त्या कागदात शेंगा नव्हत्या. मला शेंगा चालतात का, एवढं तरी चुलतभावाला कळायला हवं होतं.

तिला उशीर झाला तोही माझ्यामुळे. पूल संपला की डावीकडे, असं मी छातीठोक सांगितलं होतं. गल्ली उजवीकडे निघाली. मी कधी गेलो असतो तर माहीत असतं ना!

यातलं तिने तुला एक अक्षर कळवलं नाही. तू मला बोलशील, आणि आजारी माणसाला बोलणी बसू नयेत, एवढाच तिचा हिशेब. मला विचारशील तर, अशा वेळी बोलणी बसली की बरं वाटतं. निरोगी असल्यासारखं वाटतं.

आता दुसरं. हे जरा बसून वाच. थंडीत माझ्या हातात सुया जायला लागल्या, तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की उन्हाळ्यापर्यंत बघायचं आणि मग डॉक्टरांना नको म्हणायचं. कुणाला बोललो नव्हतो. मग हिच्या बाहीला रंग लागला. सोमवारी ती निम्मी गल्ली सांगायची, उरलेल्या निम्म्यासाठी मी गुरुवारपर्यंत थांबायचो. पडल्या पडल्या डोळे मिटून हिच्या मागोमाग चालायचो. ते शहर मला आता आपल्या गावापेक्षा जास्त पाठ आहे. उन्हाळा आला कधी ते कळलंच नाही.

आता ती खुर्चीवर बसते, हात मांडीवर ठेवून. परतीच्या बसमध्ये विचारलं, "आज काय पाहिलंस?" तर म्हणते, "तुमचा रिपोर्ट." घरात पोटॅशियमशिवाय कुणी बोलत नाही. आणि नको म्हणायचा तो विचार पुन्हा येऊन दारात उभा राहिलाय.

तू ये, ताई. तू बस त्या खुर्चीवर आणि हिला जाऊ दे. तुझे गुडघे उत्तम आहेत, मला माहीत आहे. तू दर महिन्याला टेकडीवरच्या मैत्रिणीकडे चालत जातेस, हे तूच मागे लिहिलं होतंस. मला नळ्या लावलेलं तुला बघवणार नाही, म्हणून येत नाहीस. नको बघूस. पडदा असतो. पडद्याच्या बाहेर बस.

तुझा,
धाकटा

१ जून

धाकट्या, आणि धाकटे, दोघांनी मिळून वाचा,

मी येतेय. रविवारी दुपारच्या बसने. स्टँडवर कुणी यायचं नाही, मला पत्ता वाचता येतो.

गुडघ्यांविषयी पुन्हा एक शब्द काढलास तर तुझे कान धरीन, नळ्या असोत की नसोत.

मला ऐकू येत नाही, तर सिस्टरांची हाक कशी कळणार, असं मनात आलं असेल. मी तोंड दाराकडे करून बसेन. त्यांना सांगा, टॉवेल हलवा म्हणून. एक्स्चेंजमध्ये आम्ही नुसते दिवे बघून ओळखायचो कोण बोलावतंय ते.

धाकटे, 'चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही' असलं वाक्य पुन्हा मला लिहू नकोस. माझ्याशी भांडत जा. मी काय लिहिलं होतं ते मला आठवतंय, आणि ते खोडायला पत्रात जागा नसते. येऊन तुझ्या खुर्चीवर बसते, तेच समजून घे.

चपला चांगल्या घे. त्या पातळ तळाच्या नकोत.

ताई

१२ डिसेंबर

ताई,

नीट पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यावर घर फारच मोठं झालं. इतके दिवस तिघं दाटीवाटीने राहिलो, तेव्हा कुठे बसत होतो कोण जाणे.

काल शेजारच्या काकू म्हणाल्या, सहा महिने ताई येऊन राहिल्या आणि त्यांच्या हातात भाऊ गेला, त्यांना किती वाईट वाटत असेल. मी म्हटलं, वाईट तर वाटतंच, पण ते एकटे नव्हते. तुम्ही उशाशी होतात, मी पायाशी होते, आणि त्यांना झोप लागलेली होती. मी त्या दिवशीची गल्ली सांगत होते. निम्मी ऐकून डोळे मिटले, तेव्हा तुम्ही मला खूण केलीत, राहू दे, उद्या सांग. उरलेली निम्मी अजून माझ्याजवळच आहे. ती मी कुणाला सांगणार नाही. तुम्हालाही नाही, रागावू नका.

आज गुरुवार. सकाळी जाग आली ती बसच्या वेळेलाच. चहा घेतला, केस विंचरले, आणि बघते तर पायात चपला. कंडक्टर म्हणाला, "आज एकट्याच?" मी म्हटलं, "हो." त्याला काही सांगितलं नाही. तो नेहमीच्या स्टॉपवर मला उतरवायला उठला तेव्हा मी म्हटलं, अजून पुढे जायचंय.

शेवटच्या स्टॉपला उतरले. त्या बाजूला मी कधीच गेले नव्हते. चढाचा रस्ता आहे, वर पाण्याची मोठी टाकी. चढताना पहिल्यांदा वाटलं, आता घाई कसली? कुणाचं यंत्र थांबणार नाही, कुणी हाक मारणार नाही. एका बंद घराच्या पायरीवर बसले आणि रडले, चांगली रडले. एक बाई झाडू मारत होती, तिने माझ्याभोवतीचं अंगण झाडलं आणि काही न विचारता पुढे गेली. मग उठले. टाकीपाशी पोचले तर खाली अख्खं शहर. पूल दिसला, नदी दिसली, दवाखान्याची गच्ची दिसली. एवढीशी. मी तासन्‌तास चाललेले रस्ते वरून वीतभर होते. हे असते तर त्यांना काय सांगितलं असतं, ते शोधत उभी राहिले, आणि मग माझं मलाच बघावंसं वाटायला लागलं. उन्हं कलेपर्यंत तिथेच होते.

परतीच्या बसमध्ये मी नेहमीसारखं मनात लावत बसले, आधी काय सांगायचं, मग काय. गमतीची गोष्ट मी शेवटी ठेवते, घर जवळ आलं की. दार उघडून आत गेले आणि बोलूनही गेले, "ऐकलंत का..."

मग दिवा लावला आणि कागद घेऊन बसले. तेव्हा आता तुम्ही ऐका.

टाकीकडून उतरताना एक किल्लीवाला आहे. तो आपल्याच दुकानाबाहेर पायरीवर बसलेला. दुकानाची किल्ली हरवलेली आणि सगळी हत्यारं आत. शेवटी त्याने दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या किल्लीवाल्याला बोलावलं. आजूबाजूचे सगळे दुकानदार कामं टाकून बघायला उभे, मीही. दुसऱ्याने आपली पेटी उघडली, कुलूप निरखलं, आणि पूर्ण दर सांगितला.

पहिला म्हणाला, "अरे, धंद्यातल्या माणसाकडून पैसे घेणार?"

दुसरा म्हणाला, "धंद्यातला असतास तर मला बोलावलं असतंस का?"

मी इतकी हसले, ताई, की भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर बाही तपासली, रंग ओला नव्हता.

तुम्हाला हसू आलं का, ते खरं खरं कळवा. नुसतं माझं मन राखायला नको. मी पुढच्या गुरुवारी जाणार आहे, त्यावर काय काय बघायचं ते ठरवीन.

तुमची,
धाकटी